बर्म्युडाची अट: मानवी जीनोम प्रकल्पातला पैसा आणि मोकळेपणा

या व्याख्यानमालेत आपण बहुतेक वेळा विज्ञानातल्या कल्पनांविषयी बोलतो. आज पैशाविषयी बोलायचं आहे. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असं काहींना वाटेल. कारण सांगतो. आम्ही आयुष्यभर विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवलं, आणि त्या अभ्यासक्रमात रॉबर्ट मर्टन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा 1942 सालचा एक निबंध यायचाच. वैज्ञानिकांचा समाज कोणत्या मूल्यांवर चालतो, हे मर्टनने त्यात सांगितलं आहे. त्याने चार मूल्यं सांगितली. त्यातलं एक असं, की विज्ञानातून मिळालेलं ज्ञान ही सगळ्यांची सामायिक मालमत्ता असते; शोध लावणाऱ्याला श्रेय मिळतं, मालकी मिळत नाही. वर्गात हे सांगताना मुलांचे चेहरे खुलत. आपलेही खुलतात.

पण या मूल्यात एक छोटा प्रश्न राहून जातो. ज्ञान सगळ्यांचं, हे कबूल. पण कधीपासून? प्रयोगशाळेत आकडा हाती आला त्या संध्याकाळपासून? निबंध छापून आला त्या दिवसापासून? की पेटंटचा अर्ज दाखल झाल्यानंतर? मर्टनच्या निबंधात याचं उत्तर नाही. ते उत्तर अनुदानाच्या करारात, एखाद्या कलमात असतं, आणि ते कलम पैसे देणारा लिहितो. आज आपण असं एकच कलम बघणार आहोत. ते फेब्रुवारी 1996 मध्ये बर्म्युडा बेटावर ठरलं आणि मानवी जीनोम प्रकल्पाला लागू झालं.

आधी प्रकल्प काय होता ते थोडक्यात. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएची लांबलचक साखळी असते. चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली, साधारण 3 अब्ज अक्षरांची. ती अक्षरं ओळीने वाचून काढायची, एवढंच काम. 1990 मध्ये अमेरिकेत प्रकल्प अधिकृतपणे सुरू झाला, तेव्हा अंदाज होता 15 वर्षं आणि 3 अब्ज डॉलर. अमेरिकेतून पैसा दोन ठिकाणांहून यायचा: राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, आणि ऊर्जा खातं. ब्रिटनमध्ये सरकारी मेडिकल रिसर्च कौन्सिल आणि वेलकम ट्रस्ट नावाचा मोठा धर्मादाय न्यास. पुढे जपान, फ्रान्स, जर्मनी आणि शेवटी चीन. एवढं मोठं पुस्तक एका प्रयोगशाळेला वाचता येणार नव्हतं. पानं वाटून घ्यावी लागणार होती. आणि पानं वाटून घेतली की लगेच प्रश्न येतो: शेजाऱ्याने कोणतं पान वाचून संपवलं हे मला कळणार कसं? नाही कळलं तर तेच पान दोघे वाचणार आणि जनतेचा पैसा दोनदा खर्च होणार.

हा प्रश्न आधीच सोडवलेली काही माणसं होती. ती माणसांवर काम करत नव्हती. ती एक मिलिमीटर लांबीच्या किड्यावर काम करत होती.

सी. एलिगन्स नावाचा सूत्रकृमी. आपल्याकडे शेतकऱ्यांना सूत्रकृमी म्हटलं की टोमॅटोच्या किंवा डाळिंबाच्या मुळांवरच्या गाठी आठवतात. हा त्यांचाच निरुपद्रवी भाऊबंद, मातीत राहून जिवाणू खाणारा. सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत 1960 च्या दशकात तो अभ्यासाला निवडला. तिथे जॉन सल्स्टन नावाचे संशोधक आले. हा किडा पारदर्शक असतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकातून त्याच्या जिवंत पेशी विभागताना दिसतात. एका फलित अंड्यापासून प्रौढ किड्याच्या 959 कायिक पेशी कशा तयार होतात, कोणती कोणाची लेक, कोणती कोणाची नात, ही सगळी वंशावळ सल्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. सल्स्टन वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत. त्या काळात त्यांचे प्रसिद्ध झालेले निबंध तुलनेने फार थोडे होते.

आता इथे थांबून पैशाचा प्रश्न विचारू. निबंध थोडे असूनही हा माणूस नोकरीत कसा राहिला? कारण त्या प्रयोगशाळेला मेडिकल रिसर्च कौन्सिलचा पैसा एकगठ्ठा मिळायचा. प्रत्येक संशोधकाने दर दोन-तीन वर्षांनी झोळी पसरून वेगळा अर्ज करायचा, अशी तिथली पद्धत नव्हती. पैसा मुरत ठेवलेल्या पाण्यासारखा, हळूहळू उपयोगी पडणारा. आम्ही सेवेत असताना आमच्या एका लहानशा प्रकल्पाचा हप्ता मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आला होता आणि तो 31 मार्चच्या आत खर्च करून प्रमाणपत्र द्यायचं होतं. तत्त्वज्ञानाला पुस्तकं आणि चहा यापलीकडे फारसं काही लागत नाही, म्हणून निभावलं. किड्याची वंशावळ अशा पैशावर निघाली नसती.

या किडेवाल्यांचं एक वार्तापत्र होतं, ‘वर्म ब्रीडर्स गॅझेट’, 1975 पासूनचं. त्यात लोक अर्धवट निकाल, फसलेले प्रयोग, नुसत्या शंकाही छापत. निबंध होण्याआधीच. 1980 च्या दशकात सल्स्टन आणि अॅलन कोल्सन यांनी किड्याच्या जीनोमचा नकाशा करायला घेतला, सेंट लुइसचे बॉब वॉटरस्टन त्यांना येऊन मिळाले. नकाशा पुरा होण्याची वाट न पाहता तो सगळ्यांना उपलब्ध केला गेला. ज्याला आपल्या जनुकाजवळचा तुकडा हवा त्याने कळवायचं, तुकडा टपालाने जाणार. त्याच्या बदल्यात त्याने आपल्याला जे सापडेल ते नकाशात भरायचं. 1989 मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या किडा-परिषदेत हा नकाशा सभागृहाच्या भिंतीवर लावला होता आणि लोक त्याच्यासमोर उभे राहून आपापली जनुकं शोधत होते.

हे सगळं कुठल्या नियमाने चाललं होतं? लेखी नियमाने नाही. ती रूढी होती. गट लहान होता, बहुतेक जण ब्रेनर यांच्या हाताखालून गेलेले किंवा त्यांच्या शिष्यांचे शिष्य, सगळे एकमेकांना ओळखणारे. लहान गावात उसनवारी चालते ती याच बळावर. आणि दुसरी गोष्ट, जी सहसा सांगितली जात नाही: किड्यात पैसा नव्हता. किड्याच्या जनुकावर औषध कंपनीचा डोळा नव्हता. रूढी टिकायला त्याचाही हातभार होता, असं आम्हाला वाटतं.

माणसाच्या जनुकांची गोष्ट अगदी वेगळी. तिथे आजार होते, औषधं होती, चाचण्या होत्या. आणि अमेरिकेत 1980 पासून बे-डोल कायदा होता. त्याचा सारांश असा, की सरकारी पैशातून लागलेल्या शोधाचं पेटंट विद्यापीठाला स्वतःकडे ठेवता येतं. हेतू बरा होता, शोध कपाटात पडून राहू नयेत हा. पण त्याने अनुदानाची व्याकरणच बदललं म्हणा ना. आता प्रत्येक शोधाला एक संभाव्य मालक होता, आणि मालक असला की तो म्हणतो, ‘जरा थांबा, आधी वकिलाला विचारू.’

1991 मध्ये हे उघड्यावर आलं. एनआयएचमध्येच काम करणारे क्रेग व्हेंटर यांनी एक झटपट रीत वापरली. पेशीत जी जनुकं चालू असतात त्यांचे छोटे छोटे तुकडे भराभर वाचायचे. जनुक काय करतं हे माहीत नसलं तरी त्याची खूण सापडते. एनआयएचने अशा शेकडो तुकड्यांवर पेटंटचा अर्ज केला, पुढच्या फेब्रुवारीत आणखी दोन हजारांवर तुकड्यांचा. काय करतं हे ठाऊक नसलेल्या वस्तूवर मालकी! ज्याच्या हाती ससा तो पारधी, असा हा न्याय. प्रकल्पाचे अमेरिकेतले प्रमुख जेम्स वॉटसन, दुहेरी सर्पिलवाले, त्यांनी याला जाहीर विरोध केला. एनआयएचच्या संचालक बर्नाडीन हीली यांच्याशी त्यांचं बिनसलं आणि एप्रिल 1992 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्या वर्षी ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलनेही आपले अर्ज दाखल केले. का? अमेरिकेने केले म्हणून. कोणाला मनापासून नको असलेली गोष्ट दोघेही करत होते, कारण दुसरा करतोय. पेटंट कार्यालयाने एनआयएचचे अर्ज आधी नाकारले आणि 1994 मध्ये एनआयएचने नाद सोडला. व्हेंटर तोवर खासगी पैशावर स्वतःची संस्था काढून बाहेर पडले होते. त्या पैशाची अट अशी, की निघालेली माहिती आधी एका भगिनी कंपनीने बघायची, मग जगाने.

याच वर्षी एक गमतीची गोष्ट झाली, ती सांगायलाच हवी, नाहीतर सरकारी ते मोकळं आणि खासगी ते बंद असा सोपा हिशोब डोक्यात बसेल. 1994 मध्ये मर्क या औषध कंपनीने सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाला पैसे दिले: असेच जनुकांचे तुकडे वाचा आणि ताबडतोब सगळ्यांसाठी खुले करा. कंपनीने खुलेपणासाठी पैसे मोजले! परोपकार थोडा असेल, हिशोब जास्त होता. प्रतिस्पर्ध्यांनी कच्च्या मालावरच कुंपण घातलं तर पुढे औषध करताना प्रत्येक वेळी फाटकावर टोल भरावा लागेल. त्यापेक्षा तो माल सगळ्यांचा झालेला बरा. म्हणजे मोकळेपणा हे नुसतं मूल्य नसून डावपेचही असू शकतो.

आता या सगळ्यात पणाला काय लागलं होतं, हे एका उदाहरणाने पाहू. काही घराण्यांत आजी, आई, मावशी, मुलगी अशा एकामागून एक बायकांना तरुण वयातच स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग होतो. त्यामागची दोन जनुकं 1990 च्या दशकात शोधली जात होती. पहिलं जनुक, बीआरसीए 1, हे 1994 मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या मार्क स्कॉलनिक यांच्या गटाला सापडलं. स्कॉलनिक हे मिरियड नावाच्या कंपनीचे एक संस्थापक. दुसऱ्या जनुकासाठी इंग्लंडमधले माइक स्ट्रॅटन हे स्कॉलनिक यांच्याबरोबर काम करत होते. दोघांनी मिळून ते तेराव्या गुणसूत्रावर आहे इथपर्यंत मजल मारली, 1994 मध्ये तसा संयुक्त निबंधही निघाला. मग स्ट्रॅटन यांनी विचारलं, की जनुक सापडलं तर पुढे काय? उत्तर असं मिळालं, की हक्क मिरियडकडे जातील. स्ट्रॅटन यांनी सहकार्य तिथेच थांबवलं.

बघा, दोघांत वैज्ञानिक मतभेद नव्हता. काल एका निबंधावर दोघांची नावं होती, आज दोघे प्रतिस्पर्धी. मधे आलं ते पैशाच्या करारातलं एक कलम. स्ट्रॅटन सल्स्टनकडे गेले. सल्स्टन तेव्हा केंब्रिजजवळ हिंक्स्टन गावी सँगर सेंटरचे संचालक होते, वेलकम ट्रस्ट आणि मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या पैशावर. सँगरने त्या भागातली सुमारे 9 लाख अक्षरं वाचून दिली. आणि नोव्हेंबर 1995 मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली, म्हणजे मिरियडसाठीसुद्धा. स्ट्रॅटन यांच्या गटाला जनुक सापडलं, डिसेंबरमध्ये ‘नेचर’मध्ये निबंध आला. त्याच सुमारास मिरियडनेही आपल्याला पूर्ण जनुक मिळाल्याचं जाहीर करून पेटंटचा अर्ज केला. पुढे अमेरिकेत या दोन जनुकांची तपासणी मिरियडखेरीज कोणाला करता येईना, आणि तिची किंमत 3000 डॉलरच्या वर गेली. दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून खात्री करून घ्यायची सोय नाही. आपल्याला हा आजार होणार आहे का, शस्त्रक्रिया करून घ्यावी का, असा प्रश्न पडलेल्या बाईला दुसरं मत नाही! 13 जून 2013 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की निसर्गात असलेल्या डीएनएवर पेटंट घेता येणार नाही. मधे 17-18 वर्षं गेली होती.

तर, सँगरने ती अक्षरं खुली केली त्यानंतर तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी 1996 च्या शेवटी, बर्म्युडाची बैठक झाली. बर्म्युडा हे अटलांटिकमधलं ब्रिटिश बेट, अमेरिकेलाही सोयीचं. बोलावणं वेलकम ट्रस्टचं. मोठ्या प्रमाणावर वाचनाचं काम तेव्हा नुकतंच सुरू होत होतं. कोणत्या गुणसूत्राचा कोणता भाग कोण वाचणार याचे दावे-प्रतिदावे मिटवणं हाही बैठकीचा हेतू होता. अमेरिकेत तोवरचा नियम 1992 अखेरीचा होता: निकाल हाती आल्यापासून 6 महिन्यांत खुला करा. सहा महिने म्हणजे पेटंट अर्जाला, निबंधाला, विचार बदलायला भरपूर वेळ.

सल्स्टन फळ्यापाशी उभे राहिले, वॉटरस्टन सोबतीला, आणि त्यांनी किडेवाल्यांची रूढी तीन ओळींत उतरवली. एक हजार अक्षरांहून लांब जुळलेला तुकडा आपोआप खुला करायचा, शक्यतो रोजच्या रोज. पूर्ण झालेला क्रम ताबडतोब सार्वजनिक करायचा. आणि उद्दिष्ट असं, की सगळा मानवी क्रम संशोधनासाठी आणि विकासासाठी सर्वांना मोफत मिळावा. व्यवहारात याचा अर्थ 24 तास असा झाला. संध्याकाळी यंत्रातून निघालेलं दुसऱ्या दिवशी जगासमोर. अमेरिकेतली जेनबँक आणि तिची युरोप व जपानमधली भावंडं एकमेकांत रोज देवघेव करतच होती, म्हणून हे शक्यही होतं. तो फडताळाचा खर्चही कोणीतरी भरत होतं, हे विसरायला नको.

आक्षेप आलेच. कच्च्या माहितीत चुका असतात, त्या जगाला कशाला दाखवायच्या? आम्ही खपून अक्षरं वाचायची आणि त्यावरचा निबंध दुसऱ्या कोणी लिहायचा? आमच्या विद्यापीठाच्या पेटंट कचेरीला काय सांगू? सल्स्टन यांनी नंतर लिहिलं-सांगितलं त्यावरून दिसतं, की एवढ्या लोकांची संमती मिळेल अशी त्यांनाही फारशी खात्री नव्हती.

पण आमच्या मते त्या बैठकीतली निर्णायक गोष्ट फळ्यावरच्या ओळी नव्हत्या. खोलीत संशोधकांबरोबर पैसे देणाऱ्यांचे प्रतिनिधी बसले होते, ती होती. वैज्ञानिकांनी मोकळेपणाचे ठराव याआधी कमी केले होते का? ते ठराव हवेत राहिले. हा राहिला नाही, कारण वेलकमने त्याला आपल्या अनुदानाची अट केलं, आणि एप्रिल 1996 मध्ये एनआयएचच्या जीनोम संस्थेने जाहीर केलं, की पुढचं अनुदान देताना ही अट पाळली जाते का हे पाहिलं जाईल. नाक दाबलं की तोंड उघडतं. गंमत म्हणजे अमेरिकी संस्थेला ‘पेटंट घेऊ नका’ असं सरळ सांगता येत नव्हतं. बे-डोल कायदा आड येत होता. म्हणून तिने वळसा घेतला. ज्याचं कार्य माहीत नाही अशा कच्च्या क्रमावर पेटंट घेणं आम्हाला अयोग्य वाटतं, आम्ही लक्ष ठेवून राहू, आणि गरज पडली तर कायद्यातल्या अपवादाच्या तरतुदीचा विचार करू. आणि खरा खुबीदार भाग हा: 24 तासांत सगळं जाहीर झालं, की ते ‘आधीच ज्ञात’ ठरतं, मग कच्च्या क्रमावर पेटंट घ्यायला उरतं काय? मालकी हक्काला हात न लावता वेळेच्या कलमाने मालकीचा प्रश्न बराचसा निकालात काढला. वकिलांनाही कौतुक वाटावं असं काम आहे.

ही अट बाकीच्या देशांना कशी लागू करायची? जर्मनीत कार्यक्रमाची व्यवस्था अशी होती, की तिथल्या उद्योगांना माहिती जगाच्या तीन महिने आधी मिळावी. जर्मन संशोधकांचा यात काय दोष? त्यांच्या पैसे देणाऱ्यांचा नियमच तसा. पण इतरांनी ठाम सांगितलं, की तुम्ही आमची रोजची माहिती घेणार आणि स्वतःची तीन महिने दाबून ठेवणार, हे चालणार नाही. असं असेल तर तुम्ही सहकार्याच्या बाहेर. जर्मनीने नियम बदलला. एका देशाच्या निधीचा नियम दुसऱ्या देशांच्या निधीवाल्यांनी बदलायला लावला, हे विज्ञानाच्या इतिहासात वारंवार घडत नाही. इथे घडलं कारण पैसे देणारे मोजके होते, एका टेबलाभोवती मावतील इतके. पन्नास देणारे असते तर ते जमलं असतं, असं आम्हाला वाटत नाही.

पुढचा भाग वर्तमानपत्रांनी फार रंगवला, म्हणून आम्ही भराभर सांगतो. मे 1998 मध्ये व्हेंटर यांनी, नंतर सेलेरा हे नाव घेतलेल्या कंपनीतर्फे, सगळा जीनोम तीन वर्षांत वाचून दाखवतो असं जाहीर केलं. काही दिवसांतच वेलकम ट्रस्टने सँगरचा निधी जवळजवळ दुप्पट केला. आणि बर्म्युडाच्या अटीची विचित्र बाजू उघडी पडली. सार्वजनिक प्रकल्प रोज आपली अक्षरं जगाला देत होता आणि सेलेरा ती रोज उतरवून आपल्या अक्षरांत मिसळत होती. सेलेराची अक्षरं मात्र कोणाला दिसत नव्हती. आयत्या बिळावर नागोबा, असं सार्वजनिक गोटातले लोक म्हणत असतील तर त्यांना दोष देता येत नाही. पण खुलं म्हणजे सगळ्यांना खुलं. नागोबाला वगळून बीळ खुलं ठेवता येत नाही. 26 जून 2000 ला व्हाइट हाउसमध्ये दोन्ही बाजूंना एकत्र उभं करून बरोबरी जाहीर झाली. फेब्रुवारी 2001 मध्ये निबंध निघाले, सार्वजनिक गटाचा ‘नेचर’मध्ये, सेलेराचा ‘सायन्स’मध्ये. ‘सायन्स’ने सेलेराला आपली माहिती जेनबँकेत न ठेवण्याची सवलत दिली, त्यावरून बराच गदारोळ झाला.

यावर नंतर झालेला एक अभ्यास मात्र सांगण्यासारखा आहे. हायडी विल्यम्स या अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी 2013 मध्ये छापलेल्या निबंधात तुलना केली: जी जनुकं काही काळ फक्त सेलेराकडे होती ती, आणि जी सुरुवातीपासून खुली होती ती. पुढे त्यांच्यावर किती संशोधन झालं, किती चाचण्या निघाल्या? सेलेराकडे राहिलेल्या जनुकांवर 20 ते 30 टक्क्यांनी कमी. आणि लक्षात घ्या, सेलेराकडे ती फार तर दोन वर्षं बंद होती. कुलूप निघाल्यावरही मागे पडलेली वाट लवकर रुळली नाही. सहा महिने काय नि सहा दिवस काय, असं म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा आहे.

आता दुसरी बाजू. इथे आमचं मन तितकं निःशंक नाही. ही अट पाळण्याची किंमत कोणी भरली? मोठ्या केंद्रांच्या संचालकांना कीर्ती मिळाली. पण खाली वाचन करणारे तरुण, ज्यांना पुढच्या नोकरीसाठी स्वतःच्या नावाचा निबंध हवा होता, त्यांनी रात्री टाकलेली अक्षरं सकाळी दुसऱ्या खंडातला कोणीही विश्लेषणाला घेऊ शकत होता. जानेवारी 2003 मध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल इथे, पुन्हा वेलकमच्या बोलावण्यावरून, यावर बैठक झाली. ठरलं असं: पैसे देणारे, माहिती निर्माण करणारे आणि वापरणारे, तिघांवरही जबाबदारी आहे, वापरणाऱ्यांनी निर्माण करणाऱ्यांच्या पहिल्या निबंधाचा मान राखावा. म्हणजे पहिल्या दोघांसाठी अट, तिसऱ्यासाठी शिष्टाचार. शिष्टाचार मोडणाऱ्याचं अनुदान कोण थांबवणार? तो कदाचित तिसऱ्याच देशातल्या तिसऱ्याच खात्याकडून पैसे घेत असतो. किडेवाल्यांची रूढी करारात बसवताना तिचा अर्धा भाग, परतफेडीचा भाग, बाहेरच राहिला.

आणि एक चौथा माणूस या बैठकांत नव्हताच. ज्याचं रक्त घेतलं तो. सार्वजनिक प्रकल्पाच्या संदर्भ-जीनोमचा मोठा भाग न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहरातल्या एका अनाम स्वयंसेवकाच्या डीएनएवरून आलेला आहे. 1997 मध्ये तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन देणारे मिळवले होते. नाव गुप्त राहील, हे आश्वासन. तेव्हा ते पुरेसं वाटलं. 2008 मध्ये एका संशोधन गटाने दाखवून दिलं, की शेकडो लोकांची माहिती एकत्र मिसळून ठेवलेली असली तरी त्यात अमुक माणूस आहे का, हे ओळखता येतं. एनआयएचने त्यानंतर तशी एकत्रित आकडेवारी सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या पानांवरून काढून घेतली. त्यानंतर 2018 पर्यंत त्यासाठी संशोधकाला अर्ज करावा लागायचा, हेतू सांगावा लागायचा, समितीने हो म्हणावं लागायचं. किड्याला खासगीपण नव्हतं, म्हणून तो प्रश्न 1989 च्या त्या भिंतीवरच्या नकाशात उमटलाच नव्हता.

2007 च्या सुमारास इंडोनेशियाने याच प्रश्नाची आणखी एक बाजू पुढे केली. बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला पाठवणं त्या देशाने थांबवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमच्या रोग्यांतला विषाणू आम्ही फुकट द्यायचा, त्यावरून परदेशी कंपनी लस करणार, आणि ती आम्हाला परवडणार नाही. जगभर टीका झाली. पण 2011 मध्ये संघटनेने नमुने देणाऱ्या देशांना लाभात वाटा मिळावा अशी चौकट स्वीकारली, ती या हट्टामुळेच. ज्यांच्या तिजोरीतून अट येते त्यांच्या टेबलाशी इंडोनेशिया नव्हता, तसा 1996 मध्ये भारतही नव्हता. मानवी जीनोम वाचणाऱ्या सहा देशांत आपण नाही. बर्म्युडाचा फायदा मात्र आपल्याला मिळाला: आपल्या प्रयोगशाळांनी संदर्भ-जीनोम पहिल्या दिवसापासून फुकट वापरला, सेलेराचा वार्षिक आकार भरण्याची वेळ आली नाही.

आता आपणच पैसे देणारे झालो आहोत. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पैशावर देशातल्या वेगवेगळ्या समाजगटांतल्या 10,000 लोकांचे जीनोम वाचले गेले. ते फरिदाबादच्या राष्ट्रीय केंद्रात ठेवले आहेत, आणि जानेवारी 2025 मध्ये संशोधकांसाठी उपलब्ध केले आहेत, पण अर्ज करून, अटी मान्य करून. 24 तास नव्हे. काही वैज्ञानिक मित्र यावर नाराज आहेत, त्यांना बर्म्युडा हवं आहे. आम्ही त्यांना विचारतो, की त्या दहा हजारांतल्या एखाद्या छोट्या जमातीतल्या माणसाच्या वतीने तुम्ही हे मागता आहात का, आणि त्याला विचारलं आहे का. ते विचारतात, की समितीने अर्ज आठ महिने दाबून ठेवला तर तो अन्याय नव्हे का. तोही आहेच. अर्ज किती दिवसांत निकाली काढायचा, याची मुदत त्या अटींत ठळक अक्षरांत लिहिलेली असावी, निदान एवढ्यावर आमचं एकमत झालं आहे.

वेळ झाली. प्रश्न घेऊ.